शेवटची पायरी दीड इंच उंच

आमच्या आर्किटेक्ट मंडळींच्या संघटनेच्या उपनगर शाखेत दर दोन वर्षांनी निवडणूक होते, असं घटनेत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मी सभासद झाल्यापासून ती एकदाही झाली नव्हती. अध्यक्ष ठरायचा तो दसऱ्याला. घाटकोपरच्या आमच्या हॉलमध्ये पाट मांडायचा, त्यावर एक जुना लाकडी टी-स्क्वेअर, दोन त्रिकोणी गुण्ये, पट्टी आणि कंपासपेटी ठेवायची, झेंडू वाहायचे, आरती म्हणायची. टी-स्क्वेअर लावून ड्रॉइंग काढणारा आता आमच्यात औषधालाही सापडायचा नाही, सगळं कॉम्प्युटरवर चालतं. तरी पूजा त्याचीच. आरती झाली की मावळते अध्यक्ष तो टी-स्क्वेअर उचलून एकाच्या हातात देत. ज्याला दिला तो पुढचा अध्यक्ष. बाकीचे टाळ्या वाजवत, पेढे खात, आणि डिसेंबरातली निवडणूक 'बिनविरोध' असा शेरा मारून कागदावर उरकली जाई.

ते कागद मीच तयार करायचे. नऊ वर्षं मी शाखेची चिटणीस होते. रांगोळी माझी, पेढ्यांची ऑर्डर माझी, इतिवृत्त माझं. इतिवृत्त तर इतकं माझं, की सभेत कोणी खाकरलं तरी माझा हात वहीकडे जायचा.

त्या दसऱ्याला टी-स्क्वेअर उपाध्यक्षांच्या हातात गेला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंधेरीला काचेचं ऑफिस, बोलायला गोड. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्यांनी टी-स्क्वेअर घेऊन फोटो काढले, मग इकडेतिकडे बघितलं आणि तो माझ्यापुढे धरला. म्हणाले, "ताई, कुंकू लागलंय याला. जरा पुसून आत ठेवता?"

मी पुसला. आतल्या कपाटात ठेवला. त्याच कपाटात उमेदवारी अर्जाचे कोरे फॉर्म होते. दर वेळी छापून आणायचे आणि दर वेळी एकच भरला जायचा, म्हणून गठ्ठा तसाच पडून. त्यातला एक मी काढून पर्समध्ये घातला. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण नुसता राग असता तर घरी जाईपर्यंत उतरला असता. माझा उतरला नाही, कारण त्याच्याखाली एक जुनी गोष्ट होती.

सूचक म्हणून माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सही केली. ती बोरिवलीला असते, तिथेच तिचं ऑफिस. सही करता करता म्हणाली, "वाट लागेल तुझी, सांगून ठेवते. आणि उभी राहून करणार काय? बाईला अध्यक्ष करा म्हणून सांगणार?"

"नाही. एकच गोष्ट करणार. महिन्यातून एक संध्याकाळ सभासदांनी स्वतःची चुकलेली ड्रॉइंग आणायची आणि भिंतीवर लावायची."

तिने पेनाचं टोपण लावलं. "यार, कोण आणणार?"

"मी आणणार," मी म्हटलं.

दर वर्षी आमचं कॅलेंडर निघतं, त्यात बारा देखण्या इमारती. बक्षिसं होतात, भाषणं होतात. चुकलेल्या इमारतीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. त्यामुळे प्रत्येक नवा आर्किटेक्ट तीच चूक पहिल्यापासून स्वतः करतो, आणि ती भोगायला भलतीच माणसं असतात. हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं.

अनुमोदक म्हणून एक निवृत्त सभासद मिळाले, ज्यांना दसऱ्याची पद्धत आठवतच नव्हती. अर्ज मी भरला, उद्देशाच्या रकान्यात 'चुकांची संध्याकाळ' एवढंच लिहिलं, आणि चिटणीस या नात्याने मीच पोच दिली.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. सर म्हणजे माझे पहिले साहेब. कॉलेज संपल्यावर मी सहा वर्षं त्यांच्या ऑफिसात होते. शाखेचे ते माजी अध्यक्ष, आणि पूजेतला तो टी-स्क्वेअरही त्यांचाच. त्यांच्या शब्दाबाहेर शाखेत पान हलत नसे.

"अगं, हे काय नवीन?" ते म्हणाले. "तुला काही हवं होतं तर मला सांगायचंस."

"मला अध्यक्ष व्हायचंय, सर."

सर एकदम मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझ्या घरच्यासारखा सांगतोय. निवडणूक झाली की लोक जुनं उकरतात. तुझी ती भांडुपची बिल्डिंग. तो जिना. आजवर कोणाला माहीत नाही, ते तसंच राहू दे ना. माघारीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. लिहून घे. मी, खाली सही करणार, वैयक्तिक कारणास्तव..."

लाज वाटते सांगायला, पण मी पेन उचललं. 'मी, खाली सही करणार, वैयक्तिक कारणास्तव' इतकं चांगल्या अक्षरात लिहूनही झालं. सहा वर्षं त्यांनी 'लिहून घे' म्हटलं की मी लिहून घेत होते, तो हात आपोआप चालला. मग मी ते वाचलं आणि कागद फाडला. तो आवाज त्यांना फोनवर ऐकू गेला असावा.

"सर, माघार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तो जिना असा. वीसेक वर्षांपूर्वी सरांच्या ऑफिसात असताना भांडुपच्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम आलं. कोकणातून आलेली गिरणी कामगारांची कुटुंबं. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. जिन्याचं ड्रॉइंग माझ्याकडे. मी पायऱ्या अगदी समान काढल्या, प्रत्येक साडेसहा इंच. पायऱ्यांवर पातळ फरशी बसणार होती आणि मजल्यावर जाड, हे मात्र मी धरलंच नाही. काँक्रीट बरोबर ओतलं गेलं, फरशी बसली, आणि प्रत्येक मजल्यावर शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच झाली. दीड इंच म्हणजे काही नाही असं वाटतं. पण जिना आपण डोळ्यांनी चढत नाही, पायाने चढतो. दोन पायऱ्यांत पायाला माप कळतं आणि पुढे तो तेवढाच उचलला जातो. शेवटी चढताना ठेच, उतरताना हिसका.

फरशी बसल्याच्या दिवशीच मला ते कळलं, कारण मी स्वतः अडखळले. धावत सरांकडे गेले. लोक राहायला यायला अजून महिना होता, सगळ्या पायऱ्यांची फरशी काढून फरक वाटून देता आला असता. सर नकाशावरून मान वर न करता म्हणाले, "कोण मोजायला बसलंय? लोकांना सवय होते." मी गप्प बसले. चूक मी केली ती एक, आणि गप्प बसले ती दुसरी. दुसरी मोठी.

लोक राहायला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उतरताना पडले आणि त्यांचा हात मोडला. मी फळं घेऊन गेले, रडतच. ते गिरणीत मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, बसवणारे होते, सुताचा एक धागा इकडचा तिकडे झाला तरी ज्यांना दिसायचा असे. प्लास्टरमधला हात पुढे करून म्हणाले, "रडतंस कित्या गो? माझो पाय बरोबर होतो. तुझी पायरी चुकली." मी सरांची नोकरी सोडली ती त्यानंतर चार महिन्यांनी. मुलुंडला एका झेरॉक्सवाल्याच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि दुरुस्तीची कामं करायला लागले. नव्या इमारती मी फारशा केल्याच नाहीत.

हातात थोडे पैसे खेळायला लागल्यावर मी त्या सोसायटीत गेले आणि सांगितलं, जिना मी माझ्या खर्चाने नीट करून देते. सोसायटीने सभा घेतली. ते गृहस्थ, आता सगळे त्यांना आजोबाच म्हणतात, उठून म्हणाले, "नको. आता सरळ केलंस तर आमी सगळे पडतलंव." सगळे हसले आणि ठराव झाला, जिना आहे तसा राहू दे. त्यांच्या पायांना तो पाठ झाला होता. प्रत्येक मजल्यावर शेवटच्या पायरीला पिवळा पट्टा मारला आणि पाहुणा आला की दारातून हाळी द्यायची, "शेवटची सांभाळान." त्या घरांतल्या मुली सासरी गेल्या की सुरुवातीला तिथल्या सरळ जिन्यावरही शेवटी पाय जास्त उचलतात, असं आजोबांच्या सुनेने मला सांगितलं होतं. त्यावर मी हसले होते आणि घरी येऊन जेवले नव्हते.

तर हे उकरणार होते. शुक्रवार गेला, मी माघार घेतली नाही, आणि रविवारी सकाळी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपाध्यक्षांनी भांडुपच्या जिन्याचं ड्रॉइंग टाकलं. मूळ शीट, स्कॅन केलेली, सरांच्या ऑफिसातल्या जुन्या गठ्ठ्यातली. खाली लिहिलं होतं, "चुका शिकवू पाहणाऱ्या उमेदवाराचं काम सभासदांनी अवश्य पाहावं. या जिन्यावरून एका ज्येष्ठ नागरिकाचा हात मोडलेला आहे."

मी स्वयंपाकघरात उभी होते. सांगणार होते मीच, माझ्या तोंडाने, पण ते दुसऱ्याने सांगितलं की आपण चोर ठरतो. दोन मिनिटांत बोरिवलीहून फोन.

"खालचा कोपरा बघ गं," मैत्रीण म्हणाली.

कोणताही आर्किटेक्ट ड्रॉइंग कापत नाही. चौकटीसकट, रकान्यांसकट आख्खी शीट टाकणार, नाहीतर त्याला कसंतरीच होणार. आणि कोणताही आर्किटेक्ट शीट उघडली की पहिल्यांदा उजवीकडचा खालचा कोपरा बघतो. तिथे रकाने होते. 'काढले' याच्यापुढे माझी आद्याक्षरं. 'तपासले' याच्यापुढे सरांची, शाईने, झोकदार. नावाचं पहिलं अक्षर त्या वळणाने उपनगरात दुसरं कोणी काढत नाही.

ग्रुपवर एरवी सुप्रभातचे गुलाब पडत असतात. त्या सकाळी कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही. अर्ध्या तासाने ड्रॉइंग डिलीट झालं, पण तोवर ते सगळ्यांच्या फोनमध्ये उतरलं होतं.

"आता धर त्याला," मैत्रीण म्हणाली. "तपासलं कोणी, एवढंच विचार. झकास संधी आहे."

मला मोह झाला नाही असं नाही. पण वीस वर्षं मी जे करत होते तेच ते झालं असतं, दुसऱ्याच्या सहीच्या आडोशाला उभं राहणं. मी ग्रुपवर लिहिलं, "ड्रॉइंग माझं. चूक माझी. हात मोडला तो माझ्या पायरीवर. उमेदवार म्हणून माझी सभा येत्या शनिवारी पाच वाजता त्याच इमारतीच्या गच्चीवर आहे. बघायला या." उमेदवाराची सभा आमच्याकडे कधी झालीच नव्हती, इतर संघटनांत ती म्हणजे हॉटेलचा हॉल आणि जेवण. मी आधी लिहिलं आणि मग आजोबांना फोन करून गच्ची मागितली.

"येवंदेत," ते म्हणाले. "पण च्या आमची."

तीसेक जण आले. मला दहा वाटले होते. काही माझ्यासाठी आले, बरेचसे गंमत बघायला. उपाध्यक्ष आले नाहीत, सरही नाहीत. आजोबा दुसऱ्या मजल्यावर दारात खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येकाला हाळी देत होते. त्यांनी सांगूनसुद्धा निम्म्यांनी ठेच खाल्ली. मग जिन्यावर तोबा गर्दी, कारण प्रत्येकाच्या खिशातून टेप निघाली आणि प्रत्येकाला स्वतः मोजायचं होतं. सोसायटीतल्या बायका कठड्यावरून बघत होत्या. एक म्हणाली, "एवढे शिकलेले, आणि एक पायरी मोजायला किती जण लागतात गं."

गच्चीवर वारा फिरला होता आणि कांजूरच्या कचऱ्याचा वास येत होता. मी भाषण लिहून नेलं होतं ते काढलंच नाही. जिन्याचं ड्रॉइंग टाकीच्या भिंतीला चिकटवलं आणि म्हटलं, "ही माझी चूक. हिच्यामुळे मी वीस वर्षं तोंड मिटून बसले आणि इतरांच्या सभांची इतिवृत्तं लिहिली. आता नाही. तुमची सांगा."

मागून एकाने विचारलं, "तपासलं कोणी, ते सांगा ना आधी."

"काढणाऱ्याने आधी बोलायचं," मी म्हटलं. "तपासणाऱ्याचं तपासणारा बघेल."

मग विक्रोळीचे एक जाडजूड सभासद, ज्यांना दोन बक्षिसं मिळालेली आहेत, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "माझ्या एका इमारतीत संडासाचं दार उघडलं की बेसिनला लागतं. सात मजले. सातही मजल्यांवर लोक आत अंग चोरून जातात." कोणीतरी फिसकन हसलं. मग एकीने सांगितलं की तिने उत्तर दिशेचा बाण जुन्या नकाशातून तसाच उचलून डकवला होता, आणि ज्यांना पूर्वेची म्हणून खोली दिली ते म्हातारा-म्हातारी आता दुपारभर पश्चिमेच्या उन्हात भाजतात. ती हसली नाही, आणि मग कोणीच हसलं नाही. अंधार पडायला लागला तरी मंडळी उठेनात.

निवडणूक मी हरले. अकरा मतांनी. चिटणीस म्हणून मतमोजणीचा कागदही माझ्याच हाताने लिहावा लागला, तो मी स्वच्छ लिहिला आणि त्याच्याखालीच चिटणीसपदाचा राजीनामा. वाईट वाटलं. खूप वाटलं. 'लढले हेच महत्त्वाचं' वगैरे म्हणणाऱ्यांना मी त्या आठवड्यात घरात घेतलं नाही. मला जिंकायचं होतं.

नव्या अध्यक्षांनी गोड आवाजात सांगितलं की चुकांची संध्याकाळ हा शाखेचा कार्यक्रम होऊ शकत नाही, अशिलांमध्ये चुकीचा संदेश जाईल, संघटनेचं नाव वापरू नये. मी म्हटलं, "नाव तुमच्याकडे ठेवा. आमच्याकडे गच्ची आहे." दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी पाच वाजता, असं मी माझ्या ऑफिसच्या दारावर लावलं. पहिल्या वेळी नऊ जण आले.

दुसऱ्या वेळी सर आले. एकटे, न कळवता. मी दुसऱ्या मजल्यावर आजोबांच्या दारात चहाची किटली घेत होते, तेव्हा खालून त्यांची पावलं ऐकू आली. ती पावलं मला सहा वर्षं पाठ होती. सर या इमारतीत कधीही आले नव्हते, बांधकाम चालू असतानासुद्धा नाही.

"शेवटची सांभाळान, सायबानु," आजोबा म्हणाले.

"पन्नास वर्षं जिने काढतोय मी," सर म्हणाले आणि त्यांचा पाय पायरीच्या कडेवर आपटला.

ते पुढे कलले. माझ्या हातात किटली, मी काहीच करू शकले नसते. त्यांचा हात बाजूला गेला आणि कठड्यावर पडला. कठडा तिथे होता, हाताला यावा त्याच उंचीवर, आणि हलला नाही. तोही मीच काढलेला होता, आणि त्यावरही त्यांनी न तपासताच सही केली होती.

सर पिवळ्या पट्ट्यावर बसले. दम खाल्ला. मग खिशातून टेप काढली आणि बसल्या बसल्या ती पायरी मोजली. खालची मोजली, तिच्या खालची मोजली. पुन्हा वरची मोजली.

"आठ," ते म्हणाले.

"हो."

"तू तेव्हा आली होतीस माझ्याकडे." माझ्याकडे न बघता त्यांनी टेप गुंडाळली. "मी म्हणालो होतो, सवय होईल."

उत्तर आजोबांनी दिलं. त्यांनी मनगटापाशी किंचित वाकडा राहिलेला हात मांडीवर ठेवला होता. "सवय झाली ता खरा, सायबानु," ते शांतपणे म्हणाले. "पण आधी हात मोडलो."

सर उठले आणि कठड्याला धरून वर गेले. पुढच्या दोन्ही शेवटच्या पायऱ्यांवर त्यांनी पाय जपून टाकला. गच्चीवर टाकीच्या भिंतीला त्या दिवशीची चार ड्रॉइंग लावलेली होती आणि मधोमध एक कोरा कागद, ज्याला सांगायचंय त्याच्यासाठी. सर त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि सवयीने माझ्याकडे हात केला.

"लिहून घे," ते म्हणाले.

मी पेन त्यांच्या हातात दिलं. "नाही, सर. तुम्हीच लिहा."